बायोस अपडेट करावं की नाही? नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः असेंबल्ड डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी आहे. घरचा पीसी असो, सीएच्या ऑफिसातला असो की इतवारीतल्या दुकानातलं बिलिंगचं मशीन, प्रश्न बहुतेक तेच येतात. लॅपटॉपबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

बायोस अपडेट करताना नेमकं काय बदलतं?

मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी फ्लॅश चिप असते. आजच्या बोर्डांवर ती साधारण १६ किंवा ३२ एमबीची असते. पॉवर बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत जे काही होतं ते या चिपमधल्या फर्मवेअरच्या, म्हणजे बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरच्या हुकमाने होतं. त्यालाच बायोस म्हणतात. त्याची कामं: रॅम तपासणं, प्रोसेसरच्या व्होल्टेजच्या मर्यादा ठरवणं, पंखे फिरवणं, एसएसडी शोधणं. अपडेट म्हणजे ही चिप पुसून तिच्यावर नवी फाइल लिहिणं. तुमचे फोटो, टॅलीचा डेटा आणि खुद्द विंडोज एसएसडीवर असतात, त्यांना यात हात लागत नाही. तरीही महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेर काढून ठेवा. का, ते बिटलॉकरच्या प्रश्नात सांगितलं आहे.

पीसी बरोबर चालून राहिला, तर अपडेट कायले करू?

बहुतेकांसाठी उत्तर सरळ आहे: करू नका. बोर्ड कंपनीच्या पानावर नवं व्हर्जन दिसलं, एवढं कारण पुरत नाही. मोबाईलचं ॲप बिघडलं तर काढून पुन्हा टाकता येतं. बायोस लिहिताना बिघडलं तर पीसी सुरूच होत नाही, आणि मग बोर्ड घेऊन कुणाकडे तरी जावं लागतं.

पण "चालतंय ना, मग कधीच हात लावू नका" हा सल्लाही मला पटत नाही. वीस वर्षांपूर्वी तो बरोबर होता. आता प्रोसेसर जळू नये म्हणून काढलेली दुरुस्तीसुद्धा बायोसमधूनच येते. अशी दुरुस्ती तुमच्या मशीनसाठी आली असेल आणि तुम्ही निव्वळ भीतीपोटी थांबलात, तर नुकसान थांबण्यातच आहे.

म्हणून कारण शोधा. माझ्या मते खरी कारणं चारच. नवा प्रोसेसर बसवायचा आहे आणि जुनं बायोस त्याला ओळखत नाही. तुमच्या प्रोसेसरसाठी व्होल्टेज किंवा स्थिरतेची दुरुस्ती आली आहे. तुम्हाला रोज छळणारी अडचण नव्या व्हर्जनच्या टिपणीत नावानिशी लिहिली आहे. किंवा सुरक्षेचं असं छिद्र बुजवलं आहे, जे तुमच्या वापरात खरोखर उघडं आहे. यातलं एक लागू असेल तर तयारी करा आणि अपडेट करा. एकही लागू नसेल तर पान बंद करून कामाला लागा.

माझा बोर्ड कोणता आणि व्हर्जन कोणतं, कसं कळेल?

स्टार्ट मेनूत "सिस्टम इन्फर्मेशन" शोधून उघडा. तिथे बेसबोर्डचं नाव आणि बायोसचं व्हर्जन व तारीख दिसते. नाव पूर्ण वाचा. बी७६०एम आणि बी७६०एम डीडीआर४ हे दोन वेगळे बोर्ड आहेत, त्यांच्या फाइली वेगळ्या असतात. गिगाबाइटच्या बोर्डवर रिव्हिजन नंबरही पाहावा लागतो. तो बोर्डच्या कोपऱ्यात छापलेला असतो आणि १.० ची फाइल १.२ ला चालेलच असं नाही. कॅबिनेट उघडून टॉर्चच्या उजेडात मोबाईलने त्याचा फोटो काढून ठेवा. बिलावर विसंबू नका, कारण बिलावर बरेचदा नुसतं "बी४५० बोर्ड" एवढंच असतं.

कंपनीच्या पानावरच्या टिपणीत दोनच ओळी असतात. त्यातून काय समजायचं?

हा भाग नीट वाचायला शिकलात तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

"सिस्टमची स्थिरता सुधारली" एवढंच लिहिलेलं असेल तर ते कारण मानू नका. ही ओळ जवळपास प्रत्येक व्हर्जनखाली असते. "नव्या प्रोसेसरना सपोर्ट" हे फक्त प्रोसेसर बदलणाऱ्यांसाठी. "मेमरी सुसंगतता सुधारली" ही ओळ तेव्हाच मनावर घ्या, जेव्हा तुमची रॅम तिच्या वेगावर चालत नसेल किंवा एक्सएमपी, एक्स्पो (रॅम पूर्ण वेगावर चालवायची सेटिंग) चालू केल्यावर पीसी अडखळत असेल.

एएमडीच्या बोर्डांवर "एजीसा" असा शब्द आणि पुढे आकडे दिसतात. एजीसा म्हणजे एएमडी स्वतः लिहून बोर्ड कंपन्यांना देते तो गाभा. इंटेलच्या बोर्डांवर "मायक्रोकोड", म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, आणि एखादा क्रमांक दिसतो. टिपणीतला सर्वांत मोलाचा भाग हाच, कारण तो आकडा एएमडी किंवा इंटेलने जाहीर केलेल्या दुरुस्तीशी ताडून पाहता येतो. एक उदाहरण: २०२२ च्या मार्चमध्ये एएमडीने मान्य केलं की काही रायझन मशीनवर एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या सोयीमुळे) आवाज आणि माउस मधूनच अडकतात. त्या वर्षी मे महिन्यापासून नव्या एजीसासह दुरुस्ती आली. ज्याचा पीसी तसा अडकत होता त्याच्यासाठी ते अपडेट खऱ्या अर्थाने उपाय होतं. इतरांना त्यातून काही मिळणार नव्हतं.

तीन शब्द दिसले की जास्त सावध व्हा. "बीटा" (अजून चाचणीतलं) लिहिलं असेल आणि तुमची अडचण नेमकी तीच नसेल, तर पक्कं व्हर्जन येईपर्यंत थांबा. "यानंतर जुन्या व्हर्जनवर परत जाता येणार नाही" असं असेल तर दोनदा विचार करा. आणि "आधी अमुक व्हर्जन टाका, मग हे" असं असेल तर ती पायरी गाळू नका.

नुकतंच आलेलं व्हर्जन मी स्वतः दोन-तीन आठवडे राहू देतो. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या छिद्रांची बातमी फुटल्यावर घाईघाईने काढलेल्या मायक्रोकोडमुळे मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागली, आणि त्याच महिन्यात खुद्द इंटेलने "सध्या हे टाकणं थांबवा" असं सांगितलं. कंपनीने एखादं व्हर्जन पानावरून गुपचूप काढून टाकलेलंही दिसतं. वाट पाहणाऱ्याला ते आपोआप कळतं.

माझ्याकडे इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा प्रोसेसर आहे. मला करावंच लागेल का?

हो. पानभर सबुरीचा सल्ला दिल्यावर इथे मात्र मी आग्रह धरतो.

या पिढ्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये, ६५ वॅट आणि त्यावरच्या मॉडेलमध्ये, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं. त्याने प्रोसेसरच्या आतला एक भाग हळूहळू झिजतो, आणि मग त्याला पूर्वी पुरत असलेलं व्होल्टेज पुरेनासं होतं. लक्षणं फसवी असतात. गेम सुरू होताना बंद पडतो आणि ग्राफिक्स कार्डची मेमरी कमी असल्याचा संदेश येतो, मोठी झिप उघडताना फाइल खराब असल्याचं दाखवतं, निळी स्क्रीन येते. लोक रॅम बदलतात, विंडोज पुन्हा टाकतात, ग्राफिक्स कार्डवर शंका घेतात.

इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड दिला, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी, आणि मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ. हे बोर्ड कंपनीच्या बायोसमधून मिळतात. टिपणीत यातला शेवटचा किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड असलेलं व्हर्जन घ्या, आणि अपडेटनंतर पॉवरच्या सेटिंगमध्ये इंटेलचं डिफॉल्ट प्रोफाइल ठेवा.

एक गोष्ट अगदी स्पष्ट समजून घ्या: हे अपडेट पुढची झीज रोखतं, झालेली झीज भरून काढत नाही. अपडेटनंतरही तीच लक्षणं राहिली तर प्रोसेसर बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी इंटेलने बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली आहे. त्यात आय५ मधले १३६००के आणि १४६००के, तसेच आय७ आणि आय९ ची मॉडेल येतात. म्हणून बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) घेतलेल्या प्रोसेसरचं बिल आणि डबा फेकू नका. ट्रेमधला, म्हणजे डब्याविना सुटा विकलेला प्रोसेसर असेल तर विकणाऱ्याकडेच जावं लागतं. १२ व्या पिढीला ही अडचण नाही, आणि लॅपटॉपचे प्रोसेसर यात येत नाहीत असं इंटेलने सांगितलं आहे.

रायझनवाल्यांनी काय करावं?

रायझन ७००० एक्स३डी मालिकेचं मशीन २०२३ च्या सुरुवातीला जोडलं असेल आणि तेव्हापासून बायोसला हात लागला नसेल तर आजच व्हर्जन पाहा. त्या वर्षी एप्रिलमध्ये काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची प्रकरणं समोर आली. त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या वगैरे भागांच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली, आणि ती बायोसमधूनच आली. एक्स्पो चालू असलेल्या मशीनवर ही दुरुस्ती नसणं मी धोक्याचं मानतो.

जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर टाकायचा आहे. आधी काय?

आधी बायोस, मग प्रोसेसर. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा, पीसी नव्या व्हर्जनवर एकदा नीट सुरू झाल्याची खात्री करा, आणि मगच थर्मल पेस्ट पुसून नवा बसवा. उलट क्रमाने गेलात तर स्क्रीन काळी, आणि अपडेट करायला चालणारा प्रोसेसर हाताशी नाही.

नेहमी भेटणारी उदाहरणं अशी. बी४५० हा २०१८ चा बोर्ड. त्यावर रायझन ५००० चालतो, पण तेव्हाचं बायोस त्याला ओळखत नाही. यातल्या बऱ्याच बोर्डांची चिप १६ एमबीची, म्हणून नव्यांना जागा करताना काही कंपन्यांनी जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाकला. तुमचा जुना प्रोसेसर नव्या व्हर्जनवर चालणार आहे का, हे पानावरच्या सपोर्टच्या यादीत पाहा. एच६१० आणि बी६६० वर १३ वी, १४ वी पिढी टाकतानाही हेच. बी६५० वर रायझन ९००० टाकतानाही हेच.

बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही नवे घेत असाल तर दुकानातच विचारा: "याचं बायोस या प्रोसेसरला ओळखतं का? नसेल तर इथेच करून द्या." बर्डीवरची जाणती दुकानं हे समोर करून देतात. त्याचे पैसे लागणार असतील तर आधी ठरवा. बोर्ड ऑनलाइन मागवत असाल तर मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला घ्या. कंपनीनुसार त्याचं नाव बदलतं, गिगाबाइट त्याला क्यू-फ्लॅश प्लस म्हणते. त्या बटणाने प्रोसेसर आणि रॅम नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस लिहिता येतं. फक्त एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) २४ पिनच्या आणि प्रोसेसरच्या ८ पिनच्या वायरी लावाव्या लागतात. थोडे पैसे वाचवायला हे बटण सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

बायोस अपडेटने पीसी फास्ट होतो का?

नाही. फास्ट व्हायला हवा असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका.

मे महिन्यात पीसी आपोआप बंद पडतो. अपडेटने सुटेल का?

फार क्वचित. नागपुरात नवतप्यात बाहेर ४५ अंश असतात आणि कूलर नसलेल्या खोलीत दुपारी ४० च्या आसपास. प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा वापरतो, तो तिला थंड करू शकत नाही. त्यात हीटसिंकमध्ये वर्षाची धूळ आणि वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट असेल तर मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. आधी कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढा, पेस्ट बदला, पंखे फिरतात का ते पाहा. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका; ती हवा ओलसर असते आणि पाण्याचे तुषारही येतात. एवढं करूनही बंद पडत असेल तर एसएमपीएस तपासा. अशा मशीनवर बायोस अपडेट करायला बसणं मात्र उलट धोक्याचं, कारण लिहिताना मध्येच बंद पडलं तर आजाराला आणखी एक आजार जोडला जाईल.

पीसीची तारीख आणि वेळ रोज मागे जात असेल तर तेही बायोसचं अपडेट मागत नाही. बोर्डवरचा सीआर२०३२ बटन सेल संपला आहे, तो बदला.

विंडोज ११ साठी बायोस अपडेट लागतं का?

बहुतेकांना सेटिंग बदलणं पुरतं. विंडोज ११ ला लागणारा टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग आधीपासूनच असतो, फक्त बंद असतो. इंटेलवर तो पीटीटी या नावाने सापडतो, एएमडीवर एफटीपीएम. २०२१ नंतरच्या अनेक बायोसमध्ये कंपन्यांनी तो आपणहून चालू करून दिला, म्हणून "अपडेट केलं आणि विंडोज ११ आलं" असं ऐकू येतं. मोजके अपवाद सोडले तर सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल मात्र कोणत्याही बायोसने मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणार नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हा प्रश्न आता फार येतो.

सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त विश्वासाचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीची) २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात, ही बातमीही लोक विचारतात. त्याने पीसी बंद पडत नाही. नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात, काही मशीनना मात्र त्यासोबत कंपनीचं नवं फर्मवेअर लागतं. विंडोज अपडेट चालू ठेवा आणि तुमच्या बोर्डच्या पानावर याचा उल्लेख आहे का ते पाहा.

हॅकिंगच्या बातम्या येतात. प्रत्येक वेळी अपडेट करायचं का?

घरच्या पीसीसाठी प्रत्येक बातमीला धावू नका. डिसेंबर २०२३ ची लोगोफेल किंवा ऑगस्ट २०२४ ची सिंकक्लोज ही दोन्ही छिद्रं खरी आणि गंभीर. पण सिंकक्लोज वापरायला हल्लेखोराला आधी तुमच्या विंडोजच्या अगदी गाभ्यापर्यंत पोचावं लागतं. तिथपर्यंत तो बरेचदा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येतो. तुम्ही टोरेंटवरून फोटोशॉप टाकत असाल तर बायोसच्या आधी ते थांबवा.

ऑफिसची गोष्ट निराळी. सीए, डॉक्टर, वकील यांच्या मशीनवर दुसऱ्यांचे कागद आणि आजारपणं असतात. अशा हल्ल्यातून बायोसमध्ये शिरलेला घुसखोर विंडोज पुन्हा टाकूनही जात नाही. तिथे सुरक्षेची दुरुस्ती असलेलं पक्कं व्हर्जन दोन-तीन महिन्यांत टाकावं. दहा मशीन असतील तर आधी एकावर टाका, आठवडाभर रोजचं काम करू द्या, मग बाकीच्यांवर. मार्च अखेरीला, रिटर्न भरण्याच्या घाईत किंवा परीक्षेच्या आदल्या दिवशी हा विषय काढूच नका.

मध्येच लाईन गेली तं काय होईल?

नागपुरात विचारला जाणारा सर्वांत रास्त प्रश्न हाच. चिप पुसली गेली आणि नवी फाइल अर्धीच लिहिली गेली, तर पुढच्या वेळी प्रोसेसरला सुरुवातच सापडत नाही. पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते.

म्हणून वेळ निवडा. मे-जूनमधल्या वादळी संध्याकाळी, आभाळ भरून आलं असताना, कधीही नाही. दुपारी कॉलनीतले सगळे कूलर आणि एसी चालू असतात, व्होल्टेज खाली-वर होतं, ती वेळही टाळा. सकाळी लवकरची वेळ चांगली. महावितरणकडून देखभालीसाठी पुरवठा बंद राहणार असल्याची सूचना पेपरात किंवा मोबाईलवर आली आहे का, ते आदल्या दिवशी पाहा. ज्या लाइनवर पाण्याची मोटर किंवा कूलर आहे त्या लाइनवर पीसी ठेवू नका, आणि घरातल्यांना सांगून ठेवा, म्हणजे कुणी मोटर सुरू करणार नाही.

यूपीएस हवाच. घरी साधारण असतो तो ६०० व्हीएचाही पुरतो, कारण बायोसच्या स्क्रीनवर पीसी गेम खेळतानाच्या मानाने बराच कमी वीज घेतो. पण तो यूपीएस खरोखर चालतो का हे आधी तपासा. लेड ॲसिड बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. २५ अंशांच्या वर प्रत्येक १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे. तीन उन्हाळे काढलेली बॅटरी इथे विश्वासाची नसते. तपासायची रीत सोपी आहे: पीसी बायोसच्या स्क्रीनवर नुसता उभा ठेवा, भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करा, आणि दहा मिनिटं थांबा. पीसी तग धरून राहिला तर पुढे जा. नाहीतर आधी बॅटरी बदला.

घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर आहे का पाहा. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बदल व्हायला थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. यूपीएस नसेलच तर शेजाऱ्याचा तासभर मागून आणा, त्यात संकोच कसला!

बिटलॉकरची की मागितली आणि सगळं अडकलं असं ऐकलं. ते काय आहे?

बायोस बदललं की टीपीएमला मशीन अनोळखी वाटतं, आणि बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर ड्राइव्हवरचा डेटा मिळत नाही, कुणालाच नाही. "मी तर बिटलॉकर लावलंच नाही" असं म्हणून हा भाग सोडू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या विंडोज ११ च्या अनेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजवर तर ते आणखी जास्त मशीनवर होतं.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि सिक्युरिटीखाली पाहा. चालू असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात की आहे याची खात्री करा, ती कागदावर उतरवा, आणि अपडेटआधी बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा. एन्क्रिप्शन बंद करायची गरज नाही. आणि बायोस "एफटीपीएम रीसेट करू का" असं विचारत असेल तर की हातात असल्याशिवाय हो म्हणू नका.

अपडेट विंडोजमधून करावं की पेनड्राइव्हवरून?

डेस्कटॉपवर पेनड्राइव्हवरून, बायोसच्या आतल्या साधनाने: असुसचं ईझेड फ्लॅश, गिगाबाइटचं क्यू-फ्लॅश, एमएसआयचं एम-फ्लॅश, ॲसरॉकचं इन्स्टंट फ्लॅश. विंडोजमध्ये त्याच वेळी अँटिव्हायरस, दुसरं अपडेट, अडकलेला ड्रायव्हर असं काहीही आडवं येऊ शकतं.

३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. फाइल फक्त बोर्ड कंपनीच्या अधिकृत पानावरून घ्या, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली नको. झिप उघडून आतली फाइल टाका. फ्लॅशबॅकच्या बटणासाठी फाइलचं नाव ठरावीक ठेवावं लागतं, ते मॅन्युअलमध्ये असतं.

सुरू करण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाईलने फोटो काढा. अपडेटनंतर सेटिंग्ज मूळपदावर जातात. एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद होतं, पंख्यांचे वेग बदलतात, व्हर्च्युअलायझेशन बंद होतं. सगळ्यात त्रासाचं म्हणजे स्टोरेजचा रेड किंवा व्हीएमडी मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही, आणि माणसाला वाटतं अपडेटने घात केला. तो मोड पहिल्यासारखा करा, विंडोज येतं.

स्क्रीन काळी होऊन पाच मिनिटं झाली. बंद करू का?

नको. लिहिण्याला काही मिनिटं लागतात, मग पीसी दोन-तीन वेळा स्वतःच बंद-चालू होतो. डीडीआर५ च्या मशीनवर पहिल्या सुरुवातीला रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड आणि रॅम जुळवून घेणं) चालतं, त्यात स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहू शकते. अर्धा तास तरी बटणाला हात लावू नका. दुसऱ्या कामाला जा, पण खोलीतून लांब जाऊ नका.

आणि खरंच बिघडलं तर?

बोर्ड फेकायचा नाही. आधी पीसी बंद करून, वायर काढून, बटन सेल काही मिनिटं बाहेर ठेवा आणि पुन्हा लावून पाहा. कधी नुसती जुनी सेटिंग अडकलेली असते. मग फ्लॅशबॅकचं बटण असेल तर तेच व्हर्जन पुन्हा लिहा. गिगाबाइटच्या काही बोर्डांवर दुसरी राखीव बायोस चिप असते, ती आपोआप कामाला येते. यातलं काहीच नसेल तर चिपला क्लिप लावून प्रोग्रामरने थेट लिहिता येतं. लॅपटॉप आणि बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांकडे हा प्रोग्रामर असतो, आणि हे काम म्हणजे बोर्ड बदलणं नव्हे. कुणी बघताक्षणी "बोर्ड गेला, नवा घ्या" म्हणालं तर दुसऱ्याला दाखवा. फक्त एक सांगून ठेवा: लिहिण्याआधी चिपमधला जुना डेटा वाचून जपून ठेवायला लावा, कारण बोर्डचा सिरियल नंबर आणि लॅन कार्डचा पत्ता त्यातच असू शकतो. वॉरंटीत असेल तर क्लिपच्या वाटेला न जाता आधी सर्व्हिस सेंटर.

लॅपटॉपचं काय?

इथे मी जरा मोकळा आहे. डेल, एचपी, लेनोव्होसारख्या कंपन्या एकाच मॉडेलसाठी फाइल तपासून देतात, बॅटरी हाच यूपीएस असतो, आणि अपडेट बरेचदा विंडोज अपडेटमधूनच येतं. लिनक्स वापरत असाल तर अनेक मॉडेलना एफडब्ल्यूअपडी या लिनक्सच्या साधनामधून मिळतं. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असू द्या, चार्जर लावा, झाकण उघडं ठेवा. बॅटरी फुगली असेल किंवा चार्जर काढताच लॅपटॉप बंद पडत असेल तर आधी बॅटरी बदला, अपडेट नंतर.

अडकलाच तर एचपीवर विंडोज आणि बी, डेलवर कंट्रोल आणि एस्केप या कळा दाबून धरून सुरू केल्यावर अनेक मॉडेलमध्ये रिकव्हरी सुरू होते. डेलमध्ये कळा धरूनच चार्जर लावायचा असतो.

जुन्या व्हर्जनवर परत जाता येतं का?

कधी येतं, कधी नाही. सुरक्षेच्या दुरुस्तीनंतर कंपन्या परतीची वाट मुद्दाम बंद करतात, कारण नाहीतर हल्लेखोरही त्याच वाटेने जुनं छिद्र उघडेल. परत जाता येत असेल तरी चालू असलेल्या व्हर्जनची फाइल अपडेटआधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, कारण काही महिन्यांनी ती कंपनीच्या पानावर सापडेलच असं नाही. पेनड्राइव्हवर बोर्डचं नाव आणि तारीख लिहून तो पीसीच्या बिलासोबत ठेवला तर दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाला हे मशीन दुरुस्त करावं लागलं, तरी शोधाशोध होणार नाही.